यातलं माझ्या मुलीचं कोणतं?

पालकसभेचा शनिवार आणि पाऊस यांचं आमच्या शाळेत काहीतरी साटंलोटं आहे. यंदाही सकाळपासून धो धो. व्हरांड्यात निथळणाऱ्या छत्र्या, ओल्या रेनकोटांचा तो रबरी वास, आणि भिंतीला टेकवलेल्या बाकांवर सातवीच्या मुलांनी केलेली मॉडेलं. त्यांच्यावर ओघळ येऊ नयेत म्हणून शिपाईमामांनी वरून एक जुनं फ्लेक्स ताणून बांधलं होतं. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा आतल्या बाजूने उलट्या दिसत होत्या. एका मुलीचे वडील पेशवेकालीन नळाच्या मॉडेलपुढे बराच वेळ उकिडवे बसले होते. त्यांनी दोन-तीन फोटो काढले, पाट्या वाचल्या, बोटाने नळी जराशी दाबून पाहिली. मग उठून माझ्यापाशी आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, एक विचारू का? यातलं माझ्या मुलीनं नेमकं काय केलंय?"

मी म्हटलं, सगळ्यांनी मिळून केलंय. त्यांनी मान हलवली. "आणि मार्क? सगळ्यांना सारखेच?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बरं."

हे 'बरं' पुणेरी होतं. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती, पण पटलेलंही काही नव्हतं. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून, हडपसरहून भिजत आलेल्या माणसाला आपल्या पोरीचा हात त्या पाच जणांच्या कामात कुठे दिसतोय का, एवढंच बघायचं होतं. सभा संपली, मॉडेलं उचलून प्रयोगशाळेच्या माळ्यावर गेली, मी घरी येऊन पोहे केले, आणि ते 'बरं' काही डोक्यातून जाईना.

प्रश्न रास्त आहे, हे आधी मान्य करायला हवं. गटकार्य हा शब्द आमच्या शिक्षणव्यवहारात आता इतका गुळगुळीत झालाय की त्याच्या आत काय चालतं, हे कुणी उघडून बघत नाही. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतः करून आपलं ज्ञान घडवतं या विचाराची, लाट आली. प्रशिक्षणं झाली, वर्गांच्या फरश्यांवर गोल आणि चौकोन रंगले, मुलं गोलात बसली. मला त्या लाटेबद्दल कृतज्ञताच आहे. हाताची घडी, तोंडावर बोट यातून वर्ग थोडा तरी सुटला. पण गोलात बसवलं की गट होतो, असा एक समज त्याबरोबर आला तो आला. आमच्याकडे सातवीत ५४ मुलं आहेत. शिक्षणहक्क कायदा सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, ते असो. लाकडी बाक जड, फिरवले की फरशीवर असे किंचाळतात की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहतात. मग पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळून बसायचं आणि त्या चार-पाच डोक्यांना गट म्हणायचं, अशी आपली सोय.

आणि त्या गटाचं काम म्हणजे चार्ट. रात्री साडेआठला पुण्यातल्या वह्या-पुस्तकांच्या अप्पा बळवंत चौकात जाऊन उभं राहा, म्हणजे महाराष्ट्राच्या प्राथमिक शिक्षणाची खरी पाहणी होईल. हेल्मेट न काढता काउंटरवर वाकलेले बाप, "दोन कार्डशीट, एक निळी, आणि ते प्रदूषणाच्या चित्रांचं पान आहे का?" असं विचारणाऱ्या आया. चित्रांची छापील पानं मिळतात: झाडे लावा, पाण्याचे महत्त्व, आपले सण. कापायची आणि चिकटवायची. मग गटातली सुंदर हस्ताक्षराची मुलगी लिहिते, ज्याच्या घरी प्रिंटर तो प्रिंट काढतो, ज्याच्याकडे पैसे तो चमकी आणतो, एक जण तो चार्ट रिक्षातून न चुरगळता आणतो आणि उरलेले दोघे खाली नाव लिहितात. सादरीकरणाच्या वेळी या दोघांना चार्ट धरून उभं करतात. मी स्वतः कित्येक वर्षं अशा चार्टांवर 'छान' असा शेरा मारलेला आहे आणि सर्जनशीलता म्हणजे बॉर्डर, हे मूल्यमापन माझ्याच शेजारच्या टेबलावर होताना पाहिलेलं आहे.

दोरी ओढण्याच्या प्रयोगाची गोष्ट बीएडला कुणी सांगितली नाही, ती मी फार नंतर वाचली. रिंगेलमन नावाचा फ्रेंच कृषी-अभियंता. त्याने माणसांना एकेकट्याने आणि मग घोळक्याने दोर ओढायला लावला आणि किती जोर लागतो ते मोजलं. १९१३ साली छापून आलं. माणसं वाढली की दर माणशी जोर कमी होत जातो. काही जोर एकमेकांच्या तालात न ओढल्यामुळे वाया जातो, हे खरंच; पण १९७९ साली अमेरिकेतल्या लाताने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टाळ्या आणि आरडाओरड यांच्यावर प्रयोग करून दाखवलं की ताल बाजूला ठेवला तरी माणूस घोळक्यात हात राखून वागतो. त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नव्हती म्हणा. आमच्या प्रार्थनेच्या वेळी मागच्या रांगेत उभं राहिलं तरी पुरे.

कल्पनांचं तर त्याहून अवघड. बीएडला आम्हाला जे शिकवलं ते म्हणजे बुद्धिमंथन. फळ्यावर विषय लिहा, मुलांना सुचेल ते बोलू द्या, कुणालाही चूक म्हणू नका, सगळं लिहून घ्या. ही पद्धत ऑस्बर्न नावाच्या जाहिरातवाल्याची. १९५३ सालच्या त्याच्या पुस्तकाने ती जगभर गेली. पाचच वर्षांनी, १९५८ साली, येल विद्यापीठात तिची परीक्षा झाली. चार जण एकत्र बसून बोलले आणि दुसरीकडे चार जण वेगवेगळ्या खोल्यांत एकेकटे बसून लिहिते झाले, तर एकेकट्यांच्या कल्पनांची बेरीज जास्त भरली, आणि चांगल्या कल्पनाही त्यांच्याकडेच जास्त. १९८७ साली डील आणि श्ट्रोबे या दोघांनी याचं कारण हुडकलं: एका वेळी एकालाच बोलता येतं. बाकीचे आपली कल्पना मनात धरून थांबतात, आणि धरता धरता ती विरते किंवा समोरच्याच्या बोलण्याने वेगळ्याच वाटेला लागते. हे वाचलं तेव्हा मला माझा वर्गच दिसला. "बाई मी, बाई मी" करणारे तिघे, आणि त्यांच्या मागे, ओठ किंचित उघडून पुन्हा मिटणारी ती सगळी तोंडं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. गट करायच्या आधी दहा मिनिटं प्रत्येकाने आपापल्या रफ वहीत लिहायचं किंवा काढायचं. बोलायचं नाही, शेजारच्याचं बघायचं नाही. ज्याला काही सुचलं नाही त्याने 'सुचत नाही' असं लिहायचं, पण पेन्सिल खाली ठेवायची नाही. ही दहा मिनिटं आमच्या वर्गातली सगळ्यात शांत मिनिटं असतात आणि पंख्याच्या खडखडीची मला तेव्हाच जाणीव होते. सर्जनशीलता वाढवण्यासाठी गटकार्य, असं परिपत्रकांत असतं. माझा अनुभव असा की सुचायचं ते एकट्यालाच सुचतं. गट लागतो तो नंतर, आणि तोही तेव्हाच, जेव्हा एकट्याचं घोडं कुठेतरी खरोखर अडलेलं असतं.

अडायला मात्र काहीतरी अडण्यासारखं हवं. चार्टमध्ये काय अडणार? फेव्हिकॉल संपला, इतकंच.

नळाच्या प्रकल्पाकडे मी म्हणूनच वळले. सातवीच्या इतिहासात पेशवाई आहे. नानासाहेबांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथून दगडी नळाने पाणी शहरात आणलं, शनिवारवाड्यापर्यंत, आणि वाटेत पेठापेठांत हौद भरले. हे पुण्यातल्या मुलांना 'माहीत' असतं, म्हणजे फडके हौद हे एका चौकाचं नाव आहे हे माहीत असतं. हौद भरायचा म्हणजे काय, आठ-दहा किलोमीटरवरून पंपाशिवाय पाणी येतं म्हणजे काय, हे कुणी हाताने करून पाहिलेलं नसतं. मी पाच-पाचांचे गट केले आणि प्रत्येकाला एकच तुकडा दिला. एकाला जुना नकाशा, एकाला नानासाहेबांच्या काळावरची झेरॉक्सची दोन पानं, एकाला कात्रज आणि शनिवारवाडा यांच्या उंचीचे आकडे, एकाने घरातल्या किंवा वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला पाण्याबद्दल विचारून यायचं, आणि एकाने आज पाइप कसे टाकतात ते बघून यायचं. दुसऱ्याचा तुकडा वाचायचा नाही, त्याच्याकडून ऐकायचा.

ही युक्ती माझी नाही. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन मुलांना पहिल्यांदाच एका वर्गात बसवलं आणि मारामाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा अ‍ॅरन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाला शाळेने बोलावलं. त्याने पाहिलं की वर्गातली प्रत्येक गोष्ट स्पर्धा आहे. हात वर कर, दुसऱ्याच्या आधी उत्तर दे, दुसरा चुकला तर मनात खूश हो. त्याने धडाच फाडून वाटला. ज्याला तू हसतोस त्याच्याकडेच तुझ्या परीक्षेतल्या उत्तराचा एक भाग आहे, त्यामुळे आता त्याला नीट विचार. आमच्याकडे मारामाऱ्या होत नाहीत. आमच्याकडे सगळं सभ्यपणे होतं. सोसायटीतली मुलं एका बाजूला, वस्तीतली एका बाजूला, आणि "आमच्या घरी जमूया ना, एसी आहे" हे वाक्य अगदी प्रेमाने म्हटलं जातं. एकदा एका गटातला मुलगा असाच जमायला गेला तर गेटवरच्या वॉचमनने त्याला रजिस्टरमध्ये नाव, फ्लॅट नंबर आणि 'कामाचं स्वरूप' लिहायला लावलं. त्याने लिहिलं, 'इतिहास'. ते त्याने आम्हाला हसत हसत सांगितलं. पण तेव्हापासून माझ्या वर्गात जे काही करायचं ते शाळेतच, शाळेच्या वेळात आणि टाकाऊ सामानातून.

तर त्या दिवशीचा तो गट. त्यात एक चित्रकार मुलगी. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला आतापासूनच तयार. तिने कागदाच्या लगद्याचा कात्रजचा डोंगर केला होता, आणि पुठ्ठ्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर खिळे म्हणून मोहरीचा एकेक दाणा चिमट्याने चिकटवला होता. इतकं सुंदर काम की बाकीचे चौघे त्याला हात लावायलाही घाबरत. श्रीखंडाचा रिकामा डबा म्हणजे तलाव. आणि डोंगरापासून वाड्यापर्यंत पारदर्शक नळी. ही नळी आणली होती पर्वतीपायथ्याला राहणाऱ्या एका मुलाने. वडील प्लंबर. गवंडी आणि प्लंबर भिंतीवर लेव्हल काढायला पाणी भरून वापरतात ती नळी. आधीचे दोन दिवस हा मुलगा गटात जवळपास बोललाच नव्हता. आज तीच नळी मध्ये पडली होती.

डब्यात निळ्या शाईचं पाणी ओतलं. पाणी डोंगर उतरलं, सदाशिव पेठेच्या आसपास, जिथे नळी एका पुठ्ठ्याच्या उंचवट्यावरून गेली होती, तिथे आलं आणि थांबलं. त्यांनी डोंगराखाली बालभारतीची दोन पुस्तकं घातली. पाणी बोटभर सरकलं, पुन्हा थांबलं. नकाशावाल्या मुलीला वाटलं कचरा अडकला असेल. तिने वाड्याच्या बाजूने नळी तोंडात धरून फुंकली आणि मग नकळत ओढलीही. निळ्या मिशा घेऊन ती खोकत उभी. सगळा वर्ग हसला. हसण्यातच तो मुलगा म्हणाला, "एअर धरलीय."

कुणी ऐकलं नाही. त्याने उंचवट्यापाशी नळीवर टिचकी मारली. आत एक लांबट बुडबुडा होता, तो हलला आणि पुन्हा तिथेच जाऊन बसला. आता चित्रकार मुलगी वाकली. माझ्या आठवणीत ती त्याच्याशी पहिल्यांदाच थेट बोलत होती. "मग तुझे पप्पा काय करतात?" तो म्हणाला, नळ सोडून ठेवतात, हवा जाईस्तोवर. "पण इथे नळ कुठंय?" त्यावर दोघंही गप्प. आणि मग कुणीतरी म्हणालं, भोक पाडूया.

करकटकाचं टोक नळीत घुसलं. फुस्स असा बारीकसा आवाज, बुडबुडा आक्रसला, पाणी उंचवट्यावरून पलीकडे उतरलं आणि वाड्यापुढच्या झाकणाच्या हौदात पडायला लागलं. त्याच वेळी भोकातून शाईची एक चिळकांडी थेट दिल्ली दरवाज्यावर. चित्रकार मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण ती ओरडली ते वेगळंच: "थांबवू नका! थांबवू नका!" मग गळतीचं काय करायचं म्हणून रिकाम्या पेनाची नळी भोकावर उभी धरून एम-सीलने लिंपली. पाणी तिच्यात थोडं वर चढलं आणि थांबलं. हवा मात्र वरून जात राहिली. आणि झेरॉक्सची दोन पानं वाचून आलेला मुलगा, जो इतका वेळ पानं हातात घेऊन नुसता उभा होता, तो एकदम ओरडला, "बाई, हे उच्छ्वास आहेत! यात लिहिलंय, नळावर जागोजाग उच्छ्वास बांधले होते!" त्याने ते पान दोनदा वाचलेलं होतं. कशासाठी बांधले असतील, असा प्रश्न त्याला पडला नव्हता. आता उत्तर समोर आधी आलं होतं.

शेजारच्या वर्गातल्या बाई अर्थात येऊन गेल्या.

त्या आठवड्यात मी पाचही जणांना वेगवेगळं गाठून सहज विचारलं, भोक पाडायचं कुणाला सुचलं? प्लंबरचा मुलगा म्हणाला, तिला. चित्रकार म्हणाली, त्यालाच सुचलं, एअर त्यालाच कळली होती. निळ्या मिशांची म्हणाली, मला. झेरॉक्सवाला म्हणाला, मलाच, पण मी हळू बोललो. पाचवी मुलगी जरा विचार करून म्हणाली, "माहीत नाही बाई. पण करकटक माझं होतं."

ज्यांनी मला पालकसभेत विचारलं, ते या पाचव्या मुलीचे वडील.

मी लहान असताना आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात दिवाळीचा किल्ला व्हायचा. नळाशेजारच्या कोपऱ्यात दगड-विटांचा ढीग, त्यावर भिजवलेलं गोणपाट, त्यावर चाळलेल्या मातीचा चिखल. माती चाळायचं काम आम्हा मुलींचं. नाकपुड्या लाल व्हायच्या, केसांत खरखर. कड्यांवर हळीव पेरायचं काम माझं, आणि दर सकाळी ते किती उगवलं हे ओणवं होऊन बघायचंही. शिवाजी महाराजांना गडावर बसवायचा मान मात्र थोरल्या दादाचा, त्याविषयी चर्चासुद्धा नाही. कुंभारवाड्यातून आणलेल्या मावळ्यांत एकाचा भाला मोडलेला असायचा आणि तो मागे, पाठमोरा उभा राहायचा. एका वर्षी आम्ही गडावर पाण्याचं टाकं केलं. आरशाचा तुकडा ठेवून तळं करायचं सोडून खरं पाणी. ते रात्रभरात झिरपून जायचं आणि सकाळी बालेकिल्ला खचलेला. शेवटी दुधाची पिशवी उलटी करून आत अंथरली आणि तिच्या कडा चिखलात बुजवल्या. पाणी टिकलं. पिशवीची कल्पना कुणाची, यावरून आम्ही चुलत-मावस भावंडं आजही लग्नाकार्यात जेवणाच्या पंगतीत भांडतो. सगळ्यांना आपलीच वाटते. वाईट एवढंच की तेव्हा ज्या दोघींनी नुसती माती चाळली, त्या या भांडणात पडत नाहीत. त्या हसतात आणि वाढप्याला मठ्ठा मागतात.

म्हणून मला 'सगळ्यांनी मिळून केलं' या वाक्याचा थोडा संशय येतो. ते खरं असतं, पण त्याच्या सावलीत माती चाळणारे दिसेनासे होतात. आणि उलटं, प्रत्येकाचं वेगळं मोजायला जावं तर ज्या क्षणी पाणी पलीकडे गेलं त्या क्षणाचं माप कुणाच्याच खात्यावर बसत नाही. हे शहर एरवी याबाबतीत इतकं हळवं नाही. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३पासून चालू आहे; सतरा-अठरा वर्षांची पोरं लिहितात, बसवतात, नेपथ्याचे खिळे ठोकतात, महिनाभर कॉलेजच्या जिन्यात तालमी करतात, भरत नाट्य मंदिरात 'अरे आवाज कुणाचा' म्हणून घसा बसवून घेतात. तिथे सांघिक बक्षीस वेगळं आणि वैयक्तिक वेगळं. आणि २०२२ साली, दर्जा भरला नाही म्हणून, परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता. केवढी चर्चा झाली तेव्हा. मला तो निर्णय बरोबर की चूक ते ठरवता आलं नाही, पण निदान कुणीतरी गटाचं काम काम म्हणून पाहिलं, याचं बरं वाटलं होतं. 'छान' असा शेरा मारला नाही.

शाळेत आम्हाला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचं रजिस्टर भरावं लागतं. २०१०पासून. त्यात आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाची आठ साधनं: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, आणि आठवं 'इतर'. गटकार्य या 'इतर'मध्ये येतं, प्रश्नावली आणि सहाध्यायी मूल्यमापनाच्या शेजारी. शिवाय प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद. 'गटात सहकार्याने काम करतो', 'इतरांच्या मताचा आदर करते', 'नवनवीन कल्पना सुचवतो'. अशा नोंदींची तयार पुस्तकं मिळतात, त्याच अप्पा बळवंत चौकात. सत्र संपायच्या आठवड्यात शिक्षक खोलीत एकच पुस्तक फिरत असतं आणि सगळ्या तुकड्यांत एकदम पंचवीस-तीस मुलांना नवनवीन कल्पना सुचतात. मला हसू येतं, पण ५४ नोंदी लिहायला बसलं की त्या पुस्तकाचा राग धरता येत नाही.

तरी त्या पाच जणांच्या नोंदी मी स्वतःच्या शब्दांत केल्या. प्लंबरच्या मुलापुढे लिहिलं की नळीतली हवा ओळखली. चित्रकार मुलीपुढे, स्वतःचं काम खराब होत असताना प्रयोग थांबवू दिला नाही. पाचव्या मुलीपाशी पेन बराच वेळ थांबलं. तिच्याबद्दल मला आठवत होतं ते असं: कुणी काही मागायच्या आधीच तिची कंपासपेटी उघडी होती. आणि तिने विचारून आणलेली आजीची मुलाखत वर्गात कुणी नीट ऐकलीच नव्हती, तर तिने ती बारीक अक्षरात लिहून हौदाच्या पाटीखाली चिकटवली होती. वडील बहुधा तीच वाचत होते. मी लिहिलं, 'गटाला काय लागेल याचा अंदाज आधी येतो. स्वतः पुढे येत नाही. पुढच्या वेळी सुरुवात तिच्या तुकड्यापासून करावी.' मग वडिलांना फोन केला आणि हेच वाचून दाखवलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "घरी पण अशीच आहे. चष्मा शोधायला लागलो की हिच्या हातात." आणि जरा थांबून, "पण बाई, मार्क सारखेच ना?" मी म्हटलं, सारखेच. यावेळी ते 'बरं' म्हणाले नाहीत. म्हणाले, "असू दे."

आता राहिला तो ५४वा. पाच-पाचांचे दहा गट झाले की चार उरतात, त्यातल्या तिघांना मी इकडेतिकडे बसवलं आणि चौथा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बाई, मी एकटाच करू का?" सहकार्याची वृत्ती नाही, असं त्याच्याबद्दल पुस्तकातून उतरवणं सोपं होतं. पण हा मुलगा दहा शांत मिनिटांत वहीची तीन पानं भरतो आणि गट झाला की त्याचा चेहरा पडतो, हे मी वर्षभर बघतेय. काही मुलं अशी असतात, मोठेपणीही अशीच राहतात, आणि त्यांना गोलात बसवून सुधारायचा हट्ट मला तरी पटत नाही. मी म्हटलं, कर. एकच अट: मला दाखवायच्या आधी दोघांना दाखवायचं, आणि ते जे म्हणतील त्यातलं निदान एक मनावर घ्यायचं.

त्याने एका हौदाचं चित्र काढलं. पायऱ्या, पाणी भरायला आलेल्या बायका, कडेला एक म्हैस. दाखवायला पहिला निवडला त्याचा बाकावरचा मित्र, तो म्हणाला 'भारी'. दुसरे निवडले शिपाईमामा. मी दारातून बघत होते. मामांनी झाडू भिंतीला टेकवला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि चित्र लांब धरून पाहिलं. म्हणाले, "पाणी येवढं खाली दाखवलंस, आन् बाई वाकून घागर बुडवतीये? दोर कुठाय? पडंल की ती." मग तिथेच, खडूने फरशीवर, त्याला पोहऱ्याची गाठ कशी मारतात ते काढून दाखवलं. दोघं पाच-दहा मिनिटं खाली बसून होते. तास झाल्याची घंटा द्यायची राहिली. चित्रात आता दोर आहे, खोडरबराने कागद जरा फाटलाय, आणि चित्राखाली त्याने दोन नावं लिहिलीत, स्वतःचं आणि मामांचं. 'इतर'च्या रकान्यात मामांचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही, पण त्या मुलाला मी प्रकल्पाचे गुण बाकीच्यांइतकेच दिले आहेत, आणि या सत्रात त्याची एकट्याने करायची मागणी आली तर अट दोघांवरून तिघांवर नेणार आहे.